शून्य ते शंभर

पुण्यात गाडी घेणारा हल्ली मायलेज नंतर विचारतो. आधी शून्यावरून १०० वर किती सेकंदांत जाते, ते. शून्य कर्वे रोडवर सकाळ-संध्याकाळ फुकट मिळतं. ताशी १०० मात्र कायद्यानं द्रुतगती मार्गावर, तेही घाट सोडून. तरी २५० अश्वशक्ती हवीच! हिंजवडीच्या रांगेत हे सगळे घोडे पहिल्या गिअरमध्ये फुरफुरत उभे. टर्बो जागा होईस्तोवर पुढच्याचे ब्रेकलाइट लागलेले असतात. तेवढ्यात आजीला मागं बसवलेली ॲक्टिव्हा डावीकडून सुळकन निघून जाते. (तिला टॉर्क कुणी विचारत नाही.) स्पोर्ट मोडचं बटण दाबलं, की आवाज वाढतो, पेट्रोल वाढतं, गाडी जागच्या जागी. मालक म्हणतात, ‘‘ओव्हरटेकला बरं पडतं हो!’’ पुढं काँक्रीट मिक्सर.