उतरवायचं वजन, उचलायचं वजन

महाडच्या चवदार तळ्याच्या बाजूने सकाळी फिरायला निघालेल्या बायकांच्या गप्पांत देव, सुना आणि वजन हे तीन विषय हटकून असतात. देव आणि सुना आपल्या हातात नसतात, त्यामुळे बोलणं अखेर वजनावर येऊन टेकतं. कुणी रात्रीचा भात सोडलेला असतो, कुणी सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळते, आणि कुणी दोन्ही इमानाने करून मधल्या वेळी चार घावन खाते. वजन हे कमीच करायचं असतं, याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. अशा घोळक्यात कधी म्हणून पाहावं, "काकू, वजन कमी करायचं राहू दे, जरा उचलायला लागा." चालणारी पावलं जागच्या जागी थांबतात. काकू चष्म्यावरून बघतात. "म्हणजे ते टीव्हीवर बाया उचलतात तसं? आणि या वयात दंड फुगवून मी दाखवू कुणाला?" मागून दुसरीचा आवाज येतो, "नि दिवसभर आम्ही काय फुलं वेचतो का गं?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे, ते पुढे येईलच. दुसरा प्रश्न मात्र बिनतोड आहे.

महाड-पोलादपूरकडच्या बाईने काय उचलायचं बाकी ठेवलंय? रानातून लाकडाची मोळी, खळ्यापर्यंत भाताचे भारे, परसात शेणाच्या पाट्या आणि या सगळ्याच्या जोडीला कडेवर पोर. घरचे पुरुष मुंबईला चाकरमानी, गणपती आणि शिमग्याला उगवणारे. तोवर शेती, गुरं आणि सासूसासरे एकटीच्या अंगावर. पावसाळ्यात सावित्री आणि गांधारी न बोलावता घरात येतात. पाणी चढू लागलं की तांदूळ, गाद्या आणि पोरांची दप्तरं माळ्यावर जातात, आणि ओसरलं की घमेल्याने चिखल उपसायचा. जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडच्या बायकांनी किती चिखल उचलला, त्याचं वजन कुणी केलं नाही. आणि एवढा पाऊस कोसळणाऱ्या याच मुलखात एप्रिल-मे आला की वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत बसतात.

पंधरा लिटरचा हंडा भरला की नुसत्या पाण्याचंच वजन पंधरा किलो, हंड्याचं वेगळं. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत बायकांसाठी जो लोखंडी बार असतो, त्याचं रिकामं वजनही पंधरा किलोच. पुरुषांचा वीस. म्हणजे जिमवाले ज्याला 'नुसता बार' म्हणतात आणि जिथून शिकवायला सुरुवात करतात, तेवढं आमच्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून, कमरेला दुसरी कळशी लावून, अनवाणी चढणीवरून नेत आल्या आहेत. वर घरगुती गॅसचा सिलिंडर आहेच: चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस आणि टाकीचं लोखंड साधारण तेवढंच, मिळून तीसएक किलो. हा सिलिंडर दारातून ओट्याखाली न्यायची वेळ येते, तेव्हा घरातल्या पुरुषाची कंबर नेमकी आदल्या दिवशी लचकलेली असते.

गोष्ट चवदार तळ्याची निघाली आहे, तर पाण्याच्या वजनाचा इतिहासही बघायला हवा. ते सार्वजनिक तळं दलितांना बंद होतं. मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे दलितांना खुले करण्याचा रावबहादूर बोल्यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं केल्याचं कागदावर लिहिलं होतं. पण कागद घेऊन पाणी भरता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर परिषदेला जमलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग गावातल्या सनातन्यांनी दूध, दही, शेण, गोमूत्र घालून १०८ घागरींनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. घागरी उचलणं हे बायकांचं काम, हा एरवी पक्का असलेला नियम त्या दिवशी कुणाला आठवल्याचं ऐकिवात नाही. तळ्याचा कायदेशीर निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. जवळचं पाणी बंद असतं तेव्हा लांबचं आणावं लागतं, आणि ती लांबी कुणाच्या मानेवर पडते हे सांगायला कोर्ट लागत नाही.

१९२७ च्याच डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद भरली. मनुस्मृती जाळली गेली, ते सर्वांना ठाऊक असतं. त्या वेळी बाबासाहेब बायकांशीही बोलले, ते कमी सांगितलं जातं. मुलींना शिकवा हे तर त्यांनी सांगितलंच. पण गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या आणि हातातले कोपरापर्यंतचे कथलाचे, चांदीचे दागिने उतरवा, असंही सांगितलं. तो दागिन्यांचा भार म्हणजे जातीची खूण होती. महाडमध्ये बायकांना वजनाबद्दल दिलेला हा बहुधा सर्वांत शहाणा सल्ला असावा: दुसऱ्याने आपल्या अंगावर घातलेलं वजन आधी उतरवा.

आणि मग स्वतःच्या मर्जीचं उचला, अशी पुस्ती मी जोडते.

याच तालुक्यातल्या रायगडावरची हिरकणी घ्या. दूध विकायला गडावर आलेली ती बाई. संध्याकाळी दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ होतं, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. तिच्या नावाचा बुरूज आजही दाखवतात. शाळेच्या पुस्तकापासून गाइडच्या तोंडापर्यंत सगळे तिच्या मायेचं कौतुक करतात. माया होतीच हो, वाद नाही. पण नुसत्या मायेने कुणी कडा उतरलेलं नाही. त्याला मनगटाची पकड लागते, मांडीत जोर लागतो, घोट्याला तोल लागतो. रोज दुधाचं ओझं घेऊन रायगड चढणाऱ्या बाईकडे ते सगळं तयार होतं. रायगडचा रोपवे आला १९९६ मध्ये. हिरकणीच्या वेळी तो असता आणि ती रोज त्यात बसूनच वर आली असती, तर त्या संध्याकाळी तान्ह्यासाठी तळमळत वरच बसून राहिली असती. बाईने काही अचाट केलं की आपण ते तिच्या काळजाच्या नावे जमा करतो. स्नायूंच्या खात्यात शिल्लक शून्य. माझी तक्रार आहे ती एवढीच.

आता कुणी म्हणेल, मोळ्या आणि हंडे वाहून एवढी ताकद येत असेल तर वेगळा व्यायाम हवाच कशाला? हवा, कारण हंडा तुमच्या मर्जीने चालत नाही. तो रोज तेवढाच जड असतो, ताप असला तरी उचलावा लागतो, आणि सगळा दाब मानेवर, मणक्यांवर त्याच त्याच जागी पडतो. व्यायामातलं वजन आपण निवडतो. आज पाच किलो, अंगवळणी पडलं की सात. पाय, पाठ, खांदे सगळ्यांना पाळी मिळते, आणि मधल्या दिवशी विश्रांती घेतली तर कुणी आळशी म्हणत नाही. स्नायू त्या विश्रांतीतच भरतात. आमच्याकडे ओझी पिढ्यान् पिढ्या होती, फक्त विश्रांती कुणाच्या वाट्याला आली नाही.

शिवाय हाडांचा प्रश्न आहे. हाड ही जिवंत वस्तू आहे. त्यावर ताण पडला की ते स्वतःची डागडुजी करतं, ताण संपला की झिजू लागतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि पहिल्या काही वर्षांत ही झीज फार भराभर होते. ऑस्ट्रेलियात हाडं ठिसूळ होऊ लागलेल्या, पाळी गेलेल्या बायकांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास चांगली जड वजनं उचलायला लावली. देखरेख पक्की होती. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. स्नायूंचंही तसंच. तिशीनंतर ते हळूहळू ओसरत जातात, आणि जेवणातली साखर मोठ्या प्रमाणात सामावून घेणारी जागा तेच असल्यामुळे ते गेले की मधुमेहाला दार उघडतं. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या घरातल्या माणसांना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले, तर त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. तेव्हा "आता माझं वय झालं" हे वाक्य निदान नव्वदीपर्यंत राखून ठेवायला हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करायला सांगते. तळ्याच्या फेऱ्या चांगल्याच. त्यांनी हृदय खूश होतं, पण दंडांना पत्ताही लागत नाही.

राहिला काकूंचा पहिला प्रश्न, दंड फुगण्याचा. काकू, तसे दंड फुगायला जे टेस्टोस्टेरॉन लागतं, ते बायकांच्या शरीरात पुरुषांच्या मानाने फारच थोडं असतं. दंड फुगवण्यासाठी पुरुष वर्षानुवर्षं घाम गाळतात, तरी बऱ्याच जणांचं आधी पोटच पुढे येतं. ते तुम्हाला चुकून कसं साधेल? मीराबाई चानूकडे बघा. लहानपणी मणिपूरच्या डोंगरात लाकडाच्या मोळ्या वाहणारी ही मुलगी टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलोच्या गटात उतरली, एका उचलीत ११५ किलो डोक्यावर नेले आणि रौप्यपदक घेऊन आली. तिच्या आधी २००० साली सिडनीत कर्णम मल्लेश्वरीने एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक आणलं. ते ऑलिंपिक बायकांच्या वेटलिफ्टिंगचं पहिलंच. पुरुष १८९६ पासून उचलत होते. वजन बायकांना झेपेल का, हा विचार करायला जगाला शंभरावर वर्षं लागली. हंड्याच्या बाबतीत तो कुणी एक दिवसही केला नव्हता. आपल्याकडे सांगलीच्या काजोल सरगरने २०२२ मध्ये पंचकुल्याच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलोच्या गटात सुवर्ण मिळवलं.

या मुलींना आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे खुराक. आमच्या घरांत सगळ्यांचं झाल्यावर बाई जेवायला बसते, तोवर आमटीतली डाळ खाली उरलेली नसते आणि माशाचं डोकं तिच्या वाट्याला येतं. स्नायू पाण्यावर बांधले जात नाहीत. त्याला प्रथिनं लागतात आणि त्यासाठी डब्यातली महागडी पावडर आणायची गरज नाही. कुळथाचं पिठलं आहे, वाल आहेत, सुकट आहे, जवळा आहे, अंडं आहे. फक्त ते बाईच्या ताटात वेळेवर आणि पुरेसं पडायला हवं. वजन उचलणं त्या मानाने सोपं. ताटात दुसरं अंडं वाढून घेणं जास्त अवघड.

म्हणून काकू, वहिनी, आत्या, आता मनावर घ्याच. रक्तदाब असेल, गुडघे किंवा हाडं कुरकुरत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. जाणत्या शिक्षकाकडून वाकायची आणि उठायची रीत शिका: पाठ सरळ, जोर मांड्यांचा. जिम लांब असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून सुरुवात करा, मग छातीशी तांदळाची पिशवी धरून तेच करा. आठवड्यातले दोन दिवस या कामाला बांधून ठेवा आणि दर महिन्याला थोडं वाढवा. आणि तुम्ही ताकदवान झालात म्हणून घरातला सिलिंडर कायमचा तुमच्या नावावर चढू देऊ नका. तो उचलायची पाळी आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी घरातल्या प्रत्येक धडधाकट माणसावर आली पाहिजे. कंबर लचकल्याचा निरोप आदल्या दिवशी स्वीकारला जाणार नाही.