मानाची जागा

घरात होम थिएटर आलं की खरा प्रश्न कोण कुठं बसणार हा असतो. वरोऱ्यातल्या आमच्या हॉलमध्ये मधोमध वेताची खुर्ची आहे, ती बाबांची. बाजूच्या सोफ्यावर आम्ही. मागच्या कोपऱ्यातला दिवाण आजीचा, त्यावर जपमाळ, चष्मा आणि पानाचा डबा. ही मांडणी टीव्हीच्याही आधीची आहे आणि तिच्याबद्दल आजवर कुणी तक्रार केली नव्हती. सबवूफर, म्हणजे बासची पेटी, आला आणि पहिल्याच सिनेमात सगळं उलटंपालटं झालं. पडद्यावर पूल कोसळत होता, बाबा शांतपणे विचारत होते, "बास सुरू केला का रे?" आणि मागे आजीच्या डब्यातल्या सुपाऱ्या टणाटण उड्या मारत होत्या.

यात पेटीचा काही दोष नाही, भिंतींचा आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. त्या हिशेबानं 40 हर्ट्‌झच्या घुमाऱ्याची एक लाट साडेआठ मीटर लांब होते. आमचा हॉल जेमतेम पंधरा फूट बाय बारा. एवढी मोठी लाट त्यात मावणार कुठं? ती भिंतीवर आपटते, परत फिरते, मागून येणारीला भेटते, आणि काही ठराविक सूर खोलीत ठाण मांडून बसतात. पंधरा फुटांच्या लांबीत 37-38 हर्ट्‌झचा, बारा फुटांच्या रुंदीत 47 च्या आसपासचा. त्यांचा जोर भिंतींपाशी जास्त, कोपऱ्यात सगळ्यांत जास्त आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर जवळजवळ शून्य.

म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाला आपण मान म्हणून जी जागा देतो, तिथं बास पोचतच नाही. आणि जिला सिनेमात काडीचाही रस नाही, तिला कोपऱ्यात बसल्या बसल्या सगळा मिळतो. ज्यांची खोली चौरस आहे त्यांचं तर विचारूच नका. लांबी-रुंदीचा सूर एकच, तो दुप्पट तावात येतो आणि गाण्यात तेवढाच एक ऐकू येतो.

पेटी ठेवायची कुठं, यावर आमच्याकडे शास्त्रं दोन होती. वास्तुशास्त्र सांगणारे काकाजी म्हणाले, जड वस्तू नैर्ऋत्येला. ध्वनिशास्त्र म्हणतं, कोपऱ्यात ठेवलीत तर आवाज भरपूर मिळेल, पण घुमेलही भरपूर. नैर्ऋत्य म्हणजे कोपराच. दोन्ही शास्त्रांचं इतकं एकमत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते नेमकं आजीच्या उशाशी झालं होतं. यावर जाणकारांचा एक उपाय आहे. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि भिंतीकडेनं रांगत फिरायचं. जिथं बास नीट ऐकू येईल, तिथं पेटीची कायमची जागा. उपाय अगदी खरा आहे. फक्त बाबांच्या खुर्चीवर पेटी विराजमान आणि घरातला कमावता मुलगा आलमारीखाली डोकं घालून रांगतोय, अशा वेळी सोयरे येऊ नयेत.

मग गाद्या. घुमारा शोषायची हमखास वाटणारी ही युक्ती फार जुनी. 1895 साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे एका व्याख्यानगृहाचं दुखणं आलं. तिथं बोललेलं इतकं घुमायचं की काही कळायचं नाही. सॅबाइन शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायचा, एकेक वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायचा. खोलीच्या आवाजाचं आधुनिक शास्त्र या रात्रपाळीतून उभं राहिलं. पण गाद्या-पडदे बोलण्याचा आवाज पितात, बासला त्यांचं सोयरसुतक नाही. 40 हर्ट्‌झला नीट शोषायचं तर लाटेच्या चौथाईइतकी, म्हणजे सात फूट जाड कापसाची भिंत लागेल. आमच्या गावात जिनिंगवर कापसाच्या गठाणींच्या थप्प्या लागलेल्या असतात, तेव्हा माल मिळण्याची अडचण नाही. पंधरा फुटांच्या हॉलमध्ये सात फूट कापूस घातल्यावर टीव्ही कुठं ठेवायचा एवढंच ठरवायचं राहील.

शेवटी यंत्राला शरण जावं लागतं. ॲम्प्लिफायरबरोबर छोटा माइक येतो. तो वेगवेगळ्या जागी धरायचा, यंत्र खालच्या सुरापासून वर चढत जाणारी शीळ घालतं, खोलीनं तिचं काय केलं ते ऐकतं आणि हिशेब मांडून आवाज सुधारतं. अट एकच, घरात शांतता हवी. ज्यानं ही अट लिहिली त्यानं मे महिन्यातलं वरोरा पाहिलेलं नाही. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, खिडकीत कूलर, त्याच्या पोटात पाणी फेकणारा पंप. कूलर बंद करा म्हणणं म्हणजे घरच्यांना उपाशी झोपा म्हणण्यासारखं. रात्री बारानंतर पाहू म्हटलं, तर दिल्ली-चेन्नई मार्गावरून कोळशाची मालगाडी निघते, आणि तिचा बास आमच्या पेटीहून कितीतरी अस्सल असतो.

शिवाय बऱ्याच यंत्रांत माइक पहिल्यांदा जिथं ठेवला ती जागा प्रमाण धरली जाते. बाबांचं म्हणणं, पहिली जागा अर्थात माझी. पण त्या जागी लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. यंत्रानं तिथं कितीही जोर ओतला तरी जाणारी आणि येणारी, दोन्ही लाटा सारख्याच वाढतात, खड्डा तसाच राहतो. ॲम्प्लिफायर तापतो आणि कोपऱ्यात सुपाऱ्या छताकडे झेपावतात. उंचवटा यंत्र छाटू शकतं, खड्डा भरू शकत नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. मात्र ही मोजणी माणसाच्या कानाच्या अंगानं होते आणि कान बासला मुळात मंद. म्हणून 50 हर्ट्‌झचा आवाज मोजताना तब्बल 30 डेसिबल वजा होतात. मीटर म्हणतं सगळं ठीक, आणि भिंतीपलीकडे मांडणीवरचा पितळी गुंड म्हणतो, नाही. लग्नातला धुमाल रस्त्यानं गेला की खिडक्या जी साक्ष देतात तीही मीटरच्या कागदावर अशीच पातळ होऊन उतरत असणार. मी या बाबतीत गुंडाच्या बाजूचा आहे.

आमच्या भजन मंडळातले पखवाजी हे सगळं एका कणकेच्या गोळ्यावर भागवतात. डाव्या तोंडावर ओली कणीक थापली की कातडं जड होतं, सूर खाली उतरतो. थाप मारायची, मान तिरकी करून ऐकायचं, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप. वाद्याच्या कातड्यावर असा भार दिला की सुरांचं काय होतं, यावर सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये लिहिलं होतं. पखवाजींना ते ठाऊक नाही आणि त्यांचं काही अडलेलंही नाही. होम थिएटर पाहायला आले तेव्हा त्यांनी पेटीच्या जाळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "याले कणीक कुठं लावता?"

खड्ड्यावर खरा तोडगा संशोधकांनी शोधलेला आहे, आणि तो घरात सांगायला फार अवघड आहे. आणखी एक सबवूफर घ्यायचा. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला की खोलीतले चढउतार बरेच आटोक्यात येतात, सगळ्या जागांना जवळजवळ सारखं मिळतं. मी हे कागदावर काढून समजावलं. बाबांनी चष्मा लावून पाहिलं. पुढच्या भिंतीचा मध्य मोकळाच होता. मागच्या भिंतीच्या मध्यावर देवघर आहे.

"म्हणजे देव सरकवायचा?" आईनं विचारलं.

"फक्त दोन फूट," मी म्हटलं.

आजी कोपऱ्यातून म्हणाली, "देव कशाले सरकवतो? त्याच्या खाली ठेव पेटी. घंटी आपोआप वाजन."