आपल्या पाळीचं लाउंज

नाशिकमध्ये गंगापूर रोडला, कॉलेज रोडला किंवा इंदिरानगरला कुठल्याही सोसायटीत शिरा, एक तरी भाऊसाहेब सापडतातच. सातपूरच्या नाहीतर अंबडच्या कारखान्यातून निवृत्त, गुडघे अजून शाबूत, मुलगा परदेशात, मुलगी पुण्यात. विमान या वाहनाविषयी त्यांना काडीचंही प्रेम नसतं. सीट अरुंद, जेवण कोमट, शेजारचा घोरणारा. जीव जडलेला असतो तो विमानतळावर, आणि त्यातही लाउंजवर. विमान हे त्यांच्या लेखी एका लाउंजमधून दुसऱ्या लाउंजमध्ये नेणारं साधन, एवढंच.

परदेशी जायचं तर नाशिककराला मुंबई गाठावी लागते. नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली, हैदराबाद, बंगळुरूची विमानं सुटतात, पण मेलबर्नचं काही सुटत नाही. त्यामुळे विमान रात्री साडेअकराचं असलं की भाऊसाहेबांची टॅक्सी दुपारी दोनला दारात उभी. विमान कंपनी सांगते, तीन तास आधी या. भाऊसाहेबांच्या हिशेबात हे तीन तास निव्वळ लाउंजचे. चेक-इनचा वेळ वेगळा, इमिग्रेशनचा वेगळा, सुरक्षा तपासणीत पट्टा काढून पुन्हा घालण्याचा वेगळा आणि कसारा घाटात आडव्या झालेल्या ट्रकचा वेगळा. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी डोंगराच्या पोटातून निघू लागली आणि घाटाची कटकट मिटली. चारचौघांनी यानंतर घरून उशिरा निघायला सुरुवात केली. भाऊसाहेब अजूनही दोनलाच निघतात. घाटात वाचलेला वेळ लाउंजच्या खात्यात जमा.

त्यांची कार्डं पाकिटात नसतात. चष्म्याच्या जुन्या घरात, रबर लावून ठेवलेली असतात आणि वर एक चिठ्ठी. कोणत्या कार्डावर या तिमाहीत किती भेटी, त्यातल्या किती झाल्या, किती उरल्या. नोंद पेन्सिलीने, कारण दर तीन महिन्यांनी खोडावी लागते. वहिनींच्या नावाचं पुरवणी कार्डही त्याच घरात. परदेशातल्या लाउंजसाठी प्रायॉरिटी पास वेगळा, तो मात्र प्लास्टिकच्या पिशवीत. लाउंजच्या दारात कार्ड घासलं की दोन रुपये कापले जातात. त्या दोन रुपयांचा मेसेज फोनवर वाजला की भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते पगाराच्या दिवशीही कधी दिसलं नसेल.

मधल्या काळात बँका शहाण्या झाल्या. मागच्या तिमाहीत कार्डावर ठरावीक रकमेचा खर्च केला असेल तरच पुढच्या तिमाहीत लाउंज, अशी अट आली. अनेकांनी त्या दिवशी लाउंजवर पाणी सोडलं. भाऊसाहेबांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला : महावितरणचं बिल, गॅस, मोबाइल, घरपट्टी, पाणीपट्टी, मुलांच्या क्लासची फी, जे काही भरायचं असेल ते माझ्याकडे द्या, मी भरतो, तुम्ही मला सवडीने पैसे द्या. ‘सवडीने’ हा शब्द त्यांनी संध्याकाळी काढून टाकला, पण योजना चालली. पूर्वी ज्या बिल्डिंगमध्ये वीज तोडायला माणूस आला की जिन्यात धावपळ व्हायची, तिथे आता एकाचंही बिल थकत नाही. चौथ्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराची फी एकदा मुदतीच्या आधी भरली गेली, तेव्हा त्याला स्वतःलाच धक्का बसला.

याला हावरटपणा म्हणणारे म्हणोत. भाऊसाहेबांचं लहानपण गंगापूर धरणाच्या कालव्याखालच्या शेतात गेलं आहे. आवर्तन सुटलं की प्रत्येकाची पाळी ठरलेली. पाळी रात्री दोनला आली तरी वडिलांनी कंदील आणि फावडं घेऊन बांधावर हजर राहायचं, थंडी असो वा पाऊस. झोप लागली तर पाणी थांबत नाही, ते पुढे जातं. आणि पुढे म्हणजे कुठे, हे नाशिककराला कोणी सांगावं लागत नाही. २००५च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटप आलं. पुढे ठरलं, की १५ ऑक्टोबरला खाली मराठवाड्यातलं जायकवाडी धरण ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेलं असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. खालच्यांची तहान खरी आहे हे इथल्या माणसालाही कळतं, तरी दसऱ्याच्या आसपास तो स्वतःच्या रक्तदाबाआधी जायकवाडीचा आकडा बघतो. ज्याच्या हाडीमांसी हे मुरलंय, त्याला न वापरलेली लाउंजची भेट तिमाहीअखेर बँकेच्या जायकवाडीत वाहून गेलेली कशी बघवेल?

म्हणूनच त्यांच्या वागण्याला एक शिस्त आहे. आत शिरल्यावर पहिली फेरी रिकाम्या हाताने. ताटली हातात घेतली की माणसाची बुद्धी जाते, असं त्यांचं मत. एकेक झाकण उचलायचं, वाफ बघायची, झाकण ठेवायचं. मग वहिनींना अहवाल : “उपमा गार आहे. कटलेट आत्ताच ठेवलेत. छोल्यांचा ट्रे तळाला लागलाय, दहा मिनिटांत नवा येईल, तोवर फळं घे.” सूप नाही, कारण ते गरम पाणी. पाव नाही, कारण पाव खायला नाशिकमध्ये मिसळ आहे. भात शेवटी, तोही दह्यापुरता. पिशवीतून नाशिकचा चिवडा निघतो आणि लाउंजच्या फिकट नूडल्सवर पडतो. समोरचा टायवाला गृहस्थ डोळे मोठे करून बघतो, तेव्हा भाऊसाहेब पुडी त्याच्यापुढे धरतात. तो घेतो. सगळेच घेतात.

वाढणाऱ्या पोरांशी त्यांची सलगी पहिल्या पाच मिनिटांत.

“कुठला रे तू?”

“निफाडचा, काका.”

“निफाडचा! द्राक्षं कशी आहेत यंदा?”

“पावसाने घोळ केला, काका.”

यानंतर मागच्या दाराने डोसा येतो, तो थेट तव्यावरचा. त्या पोराच्या बापाच्या बागेत भुरी आली होती की डावणी, याची चौकशी पूर्ण होईपर्यंत दुसरा येतो.

मात्र बाहेर काही न्यायचं नाही. वहिनींनी एकदा दोन बिस्किटांचे पुडे पर्समध्ये टाकले, तर भाऊसाहेबांनी ते काढून परत ठेवायला लावले. “पाळी आपली असते, पाट आपला नसतो,” एवढंच म्हणाले. तीन तास झाले की कोणी उठवायच्या आत ते स्वतः उठतात आणि खुर्ची सरळ करून ठेवतात.

विमान उशिरा सुटणार अशी घोषणा झाली की सगळं लाउंज हळहळतं. भाऊसाहेब चहाच्या यंत्राकडे जातात.

त्यांना या संस्थेचा इतिहासही ठाऊक आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने अॅडमिरल्स क्लब काढला, तेव्हा निमंत्रणाशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. १९९२मध्ये प्रायॉरिटी पास आला आणि कुठल्याही कंपनीच्या तिकिटावर लाउंजचं दार उघडायला लागलं. आता आपल्याकडे साध्या कार्डावरही प्रवेश मिळतो आणि कधीकधी लाउंजची रांग सुरक्षा तपासणीच्या रांगेपेक्षा लांब असते. त्या रांगेत उभे राहून भाऊसाहेब हळहळतात, “पूर्वीची मजा राहिली नाही. आता कोणीही येतं हो.” त्यांच्या मागचे गृहस्थ नेमकं हेच त्यांच्याकडे बघून म्हणत असतात.

पण भाऊसाहेबांच्या कारकिर्दीचा कळस सिंगापूरला आहे. मेलबर्नला मुलाकडे जायचं तर ते मुद्दाम चांगीला सात-आठ तास थांबायला लागेल असंच तिकीट काढतात. मुलगा म्हणतो, “बाबा, दोन तासांचं कनेक्शन आहे, त्याने या.” भाऊसाहेब म्हणतात, “धावपळ झेपत नाही रे.” खरं कारण टर्मिनल एकमध्ये आहे. तिथे एरोटेल नावाच्या ट्रान्झिट हॉटेलला लागून उघड्यावरचा पोहण्याचा तलाव आहे. हॉटेलात न उतरणाऱ्यालाही पैसे भरून पोहता येतं, टॉवेल, शॉवर आणि एक थंड पेय त्यातच. तलाव लाउंजचा नाही, हॉटेलचा आहे, हे भाऊसाहेब मान्य करतात, पण कार्डाच्या खालोखाल त्यांनी जीव लावला तो यालाच. ज्वेलमधला ४० मीटर उंचीचा धबधबा बघायला सगळं जग येतं. तो इमिग्रेशनच्या पलीकडे, त्यामुळे ते टर्मिनलांमधल्या स्कायट्रेनच्या खिडकीतून बघून घेतात. बघायला पैसे पडत नाहीत, आणि त्यात उडीही मारता येत नाही.

पोहायला ते गोदावरीत शिकले. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून काकांनी गांधी तलावात ढकललं, ते डब्यासकट वर आले, पुढे डबा सुटला. निवृत्तीनंतर महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावावर पहाटेची बॅच. त्यामुळे चांगीला जाताना सामानात सगळ्यात वर पोहण्याची चड्डी, टोपी आणि खोबरेल तेलाची इतकी लहान बाटली, की सुरक्षा तपासणीला १०० मिलीलिटरच्या नियमावर बोट ठेवता येऊ नये.

काउंटरवर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, पेय घेतलं नाही तर शुल्क कमी होतं का. होत नाही म्हटल्यावर संत्र्याचा रस दोन्ही हातांनी स्वीकारला. मग पाण्यात. सूर मारायला मनाई, मुटक्याचा तर प्रश्नच नव्हता, म्हणून शिडीने सभ्यपणे उतरले. दोन फेऱ्या मारल्या आणि मधोमध जाऊन पाठीवर झाले. पाय हळूच आत घेतले, मांडी घातली आणि पद्मासनात, डोळे मिटून, पोट सूर्याकडे करून निश्चल तरंगू लागले. विमानांचा घरघराट चालू होता, काठावर एक गोरी बाई पुस्तक वाचायची थांबली होती. दोन मिनिटं झाली, तीन झाली, भाऊसाहेब हलेनात. तलावावरचा रक्षक उठून उभा राहिला. त्याने शिट्टी तोंडाला लावली. आरामखुर्चीवर पंजाबी ड्रेसमध्ये बसून शेंगदाण्याचा लाडू खाणाऱ्या वहिनींनी हात वर केला आणि शांतपणे म्हणाल्या, “ही इज ओके. डेली.”

रक्षक बसला. गोऱ्या बाईने मात्र पुस्तक मिटलं ते पुन्हा उघडलं नाही.

ओली चड्डी हा यातला खरा प्रश्न. ती तशीच पिशवीत घातली तर मेलबर्नला सुनेसमोर शोभा. भाऊसाहेबांनी त्यावर स्वच्छतागृहातल्या हात वाळवायच्या यंत्राचा उपाय काढला. ते चड्डी दोन्ही बाजूंनी फिरवत उभे आणि मागे ओले हात हवेत धरून तीन सुटाबुटातले गृहस्थ रांगेत. एकाने घड्याळ बघितलं. भाऊसाहेबांनी त्याला हातानेच खूण केली : नाडी तेवढी राहिली.

आता त्यांच्याकडे जगाची यादी तयार आहे. दोहाच्या हमाद विमानतळावर २५ मीटरचा बंदिस्त तलाव आहे, व्यायामशाळेसकट. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पुंता काना विमानतळाच्या लाउंजला तर स्वतःचाच उघडा तलाव. पोहायचं, पाय पुसायचे आणि विमानात बसायचं. लाउंजचा कळस तो हाच, फक्त एक अडचण. तिथे आपलं कोणी नाही. त्यामुळे सोसायटीत कोणाचा मुलगा बारावीला, इंजिनीअरिंगला किंवा नोकरी बदलायला निघाला की भाऊसाहेब त्याला गच्चीत बाजूला घेतात. “कॅनडा काय, जर्मनी काय, सगळेच जातात. डॉमिनिकन रिपब्लिकचा विचार केलास का? हवा चांगली आहे.” अजून कोणी विचार केलेला नाही. त्यांनी आशा सोडलेली नाही.

परदेशवारी काही रोज होत नाही, तिमाही मात्र दर तीन महिन्यांनी संपते. अशा वेळी ओझर उपयोगी पडतं. तसा ओझरवर त्यांचा राग आहे. घरातून निघून अर्ध्या-पाऊण तासात माणूस विमानतळावर पोचतो, ही काय पद्धत झाली? पण दिल्लीहून परत येताना तिथलं लाउंज मिळतं, हैदराबादलाही मिळतं. मग चष्म्याच्या घरातली चिठ्ठी निघते आणि तिच्याशेजारी नातेवाइकांची वही. नातं लांबचं असलं तरी चालतं, लाउंज जवळचं हवं. दिल्लीतल्या आतेबहिणीच्या दिराच्या नातवाची मुंज, हैदराबादच्या मावसभावाच्या घराची वास्तुशांत, बंगळुरूला कोणाचा तरी गुडघा बदलला आहे, तिथे दोन दिवस सोबत. ज्या घरांशी नातं फक्त लग्नपत्रिकेच्या पाकिटावरच्या पत्त्यापुरतं उरलं होतं, तिथे भाऊसाहेब आणि वहिनी चिवड्याचे पुडे घेऊन हजर. कामाला हात लावतात, पंगतीत वाढतात, म्हाताऱ्यांशी जुन्या नाशिकच्या गप्पा मारतात आणि वेळेवर निघतात. जरा जास्तच वेळेवर निघतात.

गेल्या मार्चमध्ये दिल्लीच्या त्या मुंजीत निरोप घेताना आतेबहिणीच्या सासूबाईंना भरून आलं. भाऊसाहेब टॅक्सीत सामान लावत होते. वहिनींचे हात हातात घेऊन म्हातारी म्हणाली, “इतक्या लांबून आलात. सख्खे येत नाहीत हो. हल्ली एवढी माया कोण ठेवतं?”

वहिनींनी पर्समधलं चष्म्याचं घर चाचपलं आणि म्हणाल्या, “एकतीस मार्चपर्यंत आम्ही ठेवतो.”