फक्त दोन इंच

जुन्या काळच्या हातबांधणीच्या गाड्यांचा विषय निघाला, की एक तक्रार हमखास कानावर येते: बॉडी बांधणाऱ्यानं ‘एक्स्ट्रा’च्या नावाखाली चुना लावला. मला ही तक्रार पटत नाही. या धंद्यात एक्स्ट्रा कारागीर लावत नाही, गिऱ्हाईक मागतं. आणि मागताना हमखास ‘एवढंच’ म्हणतं. बिल फुगतं ते त्या ‘एवढंच’नं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइस अख्खी गाडी विकतच नसे. कंपनी चासी द्यायची, म्हणजे इंजिन, चाकं आणि दिमाखदार रेडिएटर. बसायची सोय हूपर, बार्कर नाहीतर थ्रप अँड मेबर्लीकडे जाऊन करून घ्यायची. इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्गची चासी अमेरिकेची आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. कापड एका दुकानातून घेऊन शिवायला दुसरीकडे टाकावं, तसलाच हा प्रकार. कापडाचा भाव दुकानात कळतो. शिवणावळ मात्र आपण आरशासमोर किती वेळा उभे राहतो त्यावर ठरते.

समजा, ॲश लाकडाचा सांगाडा उभा राहिला, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून बसवला, आणि मग गिऱ्हाईक म्हणालं, “छत फक्त दोन इंच वर घ्या, फेटा टेकतोय.” छत वर गेलं की खांब तोकडे पडतात. खांब बदलले की दारं बुटकी दिसतात. दारं उंच केली की काच मोठी लागते, काच जड झाली की ती वर-खाली करणारी यंत्रणा कुरकुरते, आणि हातोडीनं महिनाभर घडवलेला पत्रा पुन्हा पहिल्यापासून घडवावा लागतो. रंगाचे एकावर एक घासून चढवलेले हात तर वेगळेच. एवढं सगळं झाल्यावर गिऱ्हाईक बिल बघून विचारतं, “दोन इंचांचे एवढे?” बिचाऱ्याच्या डोक्यात अजून फेटाच असतो.

यावर शहाणी माणसं म्हणतील, आधीच लेखी अंदाज घ्यावा. जरूर घ्यावा. पण अंदाज नकाशावरून निघतो, आणि हौसेचा नकाशा कुणी काढत नाही. कारागीरही काही संत नसतो. गिऱ्हाईकाच्या अंगरख्याकडे बघून तो आकडा थोडा सैल धरतो, हे कबूल. पण सैल आकड्यावर घासाघीस करता येते. स्वतःच्या हौसेवर कशी करणार? मग दुसरा सल्ला येतो: सगळं त्याच्यावरच सोपवून मोकळं व्हावं. क्लॅरेन्स गॅस्क या गृहस्थानं 1926 साली बायकोसाठी रोल्स-रॉइस फँटम बांधून घेताना जवळजवळ तेच केलं. सजावट फ्रेंच थाटाची हवी, एवढंच (पुन्हा तेच!) सांगितलं आणि खर्चाला मर्यादा ठेवली नाही. आत ओब्युसाँचं विणलेलं चित्रकापड आलं, चितारलेलं छत आलं, आणि एकूण खर्च सुमारे 6,500 पौंडांवर गेला. वाद मात्र झाला नाही. वाद घालायला आकडा आधी ठरलेला असावा लागतो.

या सगळ्यांवर कडी केली ती कलकत्त्याच्या रॉबर्ट मॅथ्यूसननं. 1910 साली त्यानं इंग्लंडच्या ब्रुक कंपनीकडून हंसाच्या आकाराची गाडी बनवून घेतली. चोचीतून कढत पाणी उडे, रात्री डोळे लकाकत, एक्झॉस्टच्या वाफाऱ्यावर पेटी वाजे. रस्त्यावर इतकी झुंबड उडाली, की पोलिसांनी गाडीवर बंदी घातली. पुढे ती नाभा संस्थानात गेली. आज ती हेगच्या लाउमन म्युझियममध्ये आहे. तिच्या शेपटाखाली एक खास यंत्रणा होती. हंसानं रस्त्यावर घाण केल्यासारखं दिसावं, म्हणून ती मागून पांढरा चुना सांडत असे. म्हणजे चुन्याची ऑर्डरसुद्धा गिऱ्हाईकाचीच.