सरळ रेषेतले नाना

नेरूळच्या नानांना ‘कसे आहात?’ विचारलं तर ते तब्येत सांगत नाहीत, अंतर सांगतात. ज्वेलच्या तलावाभोवती चालताना आपण सहज ‘गोव्याला चाललोय’ म्हणावं, की नाना जागीच उभे. “कुठल्या? मोपा की दाबोळी?” मुक्काम मडगावला आणि तिकीट मोपाचं निघालं, तर आपण वारल्यासारखे हळहळतात. 2023 च्या जानेवारीत मोपा सुरू झालं, तेव्हापासून त्यांच्यापुरता गोवा दुभंगलाय.

25 डिसेंबर 2025 ला आपल्याकडचं, नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आणि नानांना निवृत्तीनंतरची नोकरी लागली, बिनपगारी. बेलापूर-उलवे पट्ट्यातल्या सोसायट्यांत आता असे नाना बरेच. मुलं परदेशात, गुडघे शाबूत, मोबाइलवर विमानं दाखवणारं ॲप. डोक्यावर घरघर झाली की हे गॅलरीत. “नागपूर!” असं जाहीर करून परत पोह्यांवर. चुकलं तरी सांगणार कोण?

त्यांचा आवडता प्रश्न नागपूरचाच. “हवाई अंतर पावणेसातशे किलोमीटरही नाही. विमान ताशी आठशेनं जातं. मग पन्नास मिनिटांत पोचायला हवं. तिकिटावर दीड तास का?” आपण उत्तर द्यायचं नसतं. “अहो, विमान उडाल्यावर नाही वेळ सुरू होत! चाकांखालचे ठोकळे काढून ते जागेवरून हललं की सुरू, आणि पलीकडे जागेवर लागलं की बंद. मधे धावपट्टीपर्यंत रांगायचं, वर चढायचं, उतरायला नंबर लावायचा.” हे रांगणं ते बशी टेबलावरून इंचाइंचानं सरकवून दाखवतात. चहा त्याच बशीत असतो. तरी खरं सांगायचं तर इतकं सोपं करून मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

परवा नागपूरहून पुतण्याचा फोन आला. इथे उतरायचं आणि त्याच रात्री सहारच्या विमानतळावरून अमेरिकेचं विमान. “दोन्ही मुंबईच ना, नाना?”

नानांचा चेहरा उजळला. “सरळ रेषेत चोवीस किलोमीटर! विमान असतं तर दोन मिनिटंसुद्धा नाहीत.”

“आणि टॅक्सीनं?”

नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पामबीचनं वाशी, खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर. नाहीतर ऐरोलीवरून. नाहीतर सरळ अटल सेतू. पण तो उतरवणार शिवडीला, तिथून पुन्हा वर यायचं. शुक्रवार असेल तर? पाऊस असेल तर? आकाशातलं मिनिट न् मिनिट सांगणारा हा माणूस मानखुर्दच्या सिग्नलपाशी येऊन गप्प झाला. मग खोल आवाजात म्हणाला, “सात तास ठेव.”

आतून काकूंचा आवाज आला, “अहो, नागपूरहून यायला दीड तास आणि वाशीहून पलीकडे जायला सात?”

“अगं, सगळे रस्त्याला नाहीत. तीन तास आधी सहारला हजर व्हायचं. दोन टॅक्सीला. एक तास आपल्याकडे जेवायला.”

“सहा झाले. सातवा?”

“सातवा,” नाना म्हणाले, “त्याला हे नीट समजावून सांगायला.”