हाडाचा सातबारा

गेल्या महिन्यात सासुरवाडीच्या अंगणात शेवाळावरून घसरलो आणि डावं मनगट मोडून घेतलं. बघायला येणाऱ्यांनी शहाळी आणली, बिस्किटं आणली, झाडपाला बांधणाऱ्यांचे पत्ते आणले. पुतणी आली ती प्लास्टरवर टिचकी मारून म्हणाली, "क्यू ४००९. फायबरचं घातलं असतंत तर ४०१०, काका."

पुतणी ऐरोलीला एका कंपनीत मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेत कुणाचं तरी हाड मोडतं, तिथला डॉक्टर चार ओळी खरडतो आणि त्या ओळींचे आकडे करायला फाइल हिच्याकडे येते. आकडा बसला तर विमा कंपनी पैसे सोडते, नाही बसला तर कागद परत. मी तलाठी म्हणून बत्तीस वर्षं काढली. 'कागद परत' हे शब्द कानावर पडले की अजून अंगावर मूठभर मांस चढतं. म्हटलं, बस इथं, सगळं सांग.

नुसत्या प्लास्टरच्या सामानाला तिकडच्या सरकारनं २००१ साली क्यू ४००१ ते क्यू ४०५१ असे एक्कावन्न गट नंबर पाडले. लांब हात, आखूड हात, लांब पाय, आखूड पाय. ४०४८ पर्यंत विषम आकडा साध्या प्लास्टरचा, सम आकडा फायबरग्लासचा. शेवटचे दोन 'इतर'साठी. 'इतर'शिवाय सरकार कुठलंच चालत नाही. पहिला नंबर अख्ख्या धडाच्या प्लास्टरचा, आणि त्याच्या वर्णनात 'डोक्यासह किंवा डोक्याविना' असं चक्क लिहिलंय. आमच्या खात्यात डोक्याचा रकानाच नव्हता.

पण खरी कमाल वयाची. शून्य ते दहा म्हणजे मूल. अकरावं पुरं झालं की प्रौढ! त्या देशात मत द्यायला १८ लागतात, दारू प्यायला २१. प्लास्टरपुरता मात्र माणूस अकराव्या वाढदिवसालाच सज्ञान. समजा, एखादं पोरगं वाढदिवसाच्या आदल्या रात्री पलंगावर उड्या मारताना पडलं. बापानं गाडी काढली, दवाखाना गाठला, फोटो निघाला, तोवर बारा वाजून गेले. "म्हणजे हाड मोडलं मुलाचं आणि प्लास्टर चढलं प्रौढाला?" मी विचारलं. पुतणी ढिम्म. "सेवेची तारीख बघायची असते काका. पडल्याची नाही." मेडिकेअर ही योजना मुख्यतः पासष्टीपुढच्यांची. तिच्याच खात्यानं काढलेल्या यादीत पाळण्यातल्या पायाचीसुद्धा सोय आहे. दूरदृष्टी म्हणतात ती हीच असावी.

हे झालं सामानाचं. हाडाची नोंद दुसऱ्याच वहीत. तिथं उजवं मनगट वेगळं, डावं वेगळं, आणि 'कुठलं ते कळलं नाही' त्याचाही नंबर वेगळा. शेवटी एक अक्षर, तो आमचा फेरफार. ताजं मोडलेलं ते ए, नीट जुळतंय ते डी, उशिरा जुळतंय ते जी, वाकडं जुळलं ते पी. पुढच्या हाताच्या हाडाला अशी सोळा अक्षरं आहेत. षोडशोपचारच.

एवढं सगळं असून डॉक्टर लिहितो काय? 'आखूड प्लास्टर घातलं, रुग्णानं नीट सहन केलं.' झालं! कशाचं घातलं? सम की विषम? पुतणीच्या जिवाला घोर. मग डॉक्टरला विचारणा जाते, तो सुट्टीवर असतो, आणि उत्तर येईतो तिकडे त्या माणसाचं प्लास्टर कापूनही झालेलं असतं. "असा एखादा कागद दाखव की," म्हटलं, तर तिनं लॅपटॉप मिटलाच. रुग्णाचा कागद बाहेरच्याला दाखवायचा नाही, असा तिकडचा कायदा आहे म्हणे.

"बरं, या ४००९ चे पैसे किती पडतात?"

"ते आधी नाही सांगता येत. ज्या त्या विमा कंपनीचा करार वेगळा."

नंतर म्हणे पेशंटला घरपोच एक कागद येतो. त्यात नंबर असतात, रकमा असतात आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'हे बिल नाही'. बिल मागाहून येतं. माझ्या डॉक्टरांच्या कंपाउंडरनं दिलेली चिठोरी मी पाकिटातून काढून दाखवली. 'प्लास्टर', आणि पुढं रक्कम. हात कुठला, वय काय, काही नाही. रक्कम मात्र पट्टी भिजवण्याआधी सांगितलेली, आणि त्यातही आमच्या हिनं शंभर रुपये कमी करून घेतले होते. पुतणीनं चिठोरी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "हे तर पहिल्याच टेबलावरून परत येईल."

इतका वेळ पोळ्या लाटत ऐकणाऱ्या आमच्या हिनं आतून विचारलं, "सासुरवाडीत पडल्याचा नंबर असतो का गं?"

"घराच्या अंगणात पडल्याचा आहे काकू. सासुरवाडीचा वेगळा नाही. पण सासरच्या माणसांशी पटत नाही, त्याचा आहे. झेड ६३.१."

लाटणं थांबलं. ही पदराला हात पुसत बाहेर आली, खिळ्यावरच्या कॅलेंडरशी गेली आणि पेन्सिलीनं नंबर लिहून घेतला, दोनदा विचारून, टिंबासकट. माझं प्लास्टर कापायची तारीख त्याखाली पार झाकून गेली.