ऑल-टेरेन टायर खरेदी: मर्यादित बजेटच्या पुणेकरांसाठी मार्गदर्शक सूचना

पिकअप घेतल्यावर काही महिन्यांतच मालकाला मूळचे टायर किरकोळ वाटू लागतात. यावर मोठ्या नक्षीचे ऑल-टेरेन टायर हाच एकमेव उतारा आहे, असे त्याचे ठाम मत बनते. खिशात पैसे कमी असतील तर पुढील पायऱ्या क्रमाने पाळाव्यात. क्रम चुकल्यास होणाऱ्या परिणामांना लेखक जबाबदार नाही.

१. भूप्रदेश निश्चित करावा

आपली गाडी कुठे फिरते ते कागदावर लिहावे. इच्छुक सर्वप्रथम ताम्हिणी, वरंधा आणि पानशेत लिहितो. तिन्हीकडे डांबरी रस्ता जातो, हे त्याला लगेच सांगू नये, उत्साह मावळतो. खरा खडतर प्रदेश महापालिकेच्या हद्दीतच आहे. केबलसाठी खणलेला, बुजवलेला आणि मग पाण्याच्या लाइनसाठी पुन्हा खणलेला रस्ता, तसेच डांबराचे थर चढत गेल्याने खोल गेलेली ड्रेनेजची झाकणे यांची नोंद करावी. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाला १० सेंटीमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदी सुचवली आहे. आपल्या गल्लीतला मात्र रहिवाशांच्या संतापाच्या मापाने बांधलेला असतो.

२. टायर वाचावा

टायरच्या बाजूवर बराच मजकूर फुकट छापलेला असतो. समजा ‘२३५/७५ आर १५ १०४ एस’ असे लिहिले आहे. २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी. बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. १०४ हा भारांक, म्हणजे एका टायरवर कमाल ९०० किलो. एस म्हणजे कमाल वेग ताशी १८० किलोमीटर. संध्याकाळी सात वाजता सिंहगड रस्त्यावर या अक्षराकडे केवळ करमणूक म्हणून पाहावे. भारांकाची मात्र थट्टा करू नये. तो मूळ टायरपेक्षा कमी चालत नाही. मार्केट यार्डातून कांद्याची पोती भरणाऱ्याने आधी हा आकडा बघावा, नक्षी नंतर.

आता चार आकडी तारीख शोधावी. ‘१४२५’ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. मंडईत मेथीची जुडी चारदा उलटी करून बघणारा माणूस गोदामात तीन वर्षे पडून असलेला टायर ‘डिस्काउंट’ या एका शब्दावर उचलतो. असे करू नये.

३. माप वाढवण्याचा मोह आवरावा

२१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ बसवला, तर चाकाचा व्यास ३ सेंटीमीटरने वाढतो. गाडी मात्र दीडच सेंटीमीटर उचलली जाते. स्पीडोमीटरवर ६० दिसत असताना वेग साडेबासष्टच्या आसपास असतो. वळणावर चाक मडगार्डला घासू लागले, तर इच्छुकाने ‘सेट व्हायला वेळ लागतो’ असे म्हणण्याची प्रथा आहे.

४. आवाजाची तयारी ठेवावी

मोठ्या बटणांच्या नक्षीत चिखल कमी अडकतो आणि मातीत पकड मिळते. डांबरावर हीच बटणे घूं-घूं करतात, डिझेल जास्त खातात आणि ओल्या रस्त्यावर अनेकदा ब्रेकला जास्त अंतर घेतात. ‘अहो, बेअरिंग गेलंय का बघा,’ असे शेजारच्या सीटवरून ऐकू येईल. ‘टायरचा आवाज आहे,’ एवढेच उत्तर द्यावे. टायरची किंमत त्याच वेळी सांगू नये.

५. पैशांचा मेळ घालावा

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. चार टायरांमागे साधारण एका टायरच्या किमतीचा तिसरा हिस्सा वाचतो. आयात टायरवर २०२० पासून परवान्याचे बंधन आहे, म्हणून परदेशी नावांचा ध्यास सोडावा. अपोलो, सिएट, जेके यांचे ऑल-टेरेन टायर इथेच मिळतात. नाना पेठेत आणि आणखी दोन ठिकाणी भाव विचारावा. प्रश्न एकच: ‘फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून आणि जुने टायर परत घेऊन किती?’ पहिला आकडा ऐकून गप्प उभे राहावे. पुढचे काम शांतता करते.

दोनच टायर परवडत असतील आणि गाडी फोर-व्हील ड्राइव्ह नसेल, तर नवी जोडी मागे लावावी. फोर-व्हील ड्राइव्हला चारही सारखेच हवेत. रबर चढवलेले टायर पुढच्या चाकांना लावू नयेत. त्या बचतीचा हिशेब घाटात चुकता होतो.

६. गरज तपासावी

ही पायरी पहिली असायला हवी होती; पण तशी ठेवली असती तर पुढचे कुणी वाचले नसते. टायरच्या खाचांमध्ये तळाशी छोट्या उंच पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलावाच लागतो. त्याआधी हवा तपासून गप्प बसावे.

वेल्हे-मुळशीकडे शेतापर्यंत रोज कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याने ऑल-टेरेन जरूर घ्यावेत. बाकीच्या सर्व इच्छुकांनी मूळ मापाचे, पुरेशा भारांकाचे, ताज्या तारखेचे साधे टायर घ्यावेत आणि वाचलेल्या पैशांत शॉकअप बदलून टाकावेत. पुण्यात आधी तेच जातात.